कमिटीकाका आणि किरकोळ गोष्टी

स्वतःच्या मरणाची इतकी चोख तयारी करून ठेवलेला, आणि त्या तयारीत इतका मनापासून रमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपल्याकडे मरणाचा विषय निघाला की 'अभद्र बोलू नका' म्हणत घरातलं कुणीतरी चहा टाकायला उठतं. आमच्या शेजाऱ्यांकडे तो विषय निघावा लागत नसे. तो कायम निघालेलाच असे. बँडने कोणत्या चाली वाजवायच्या, शवपेटी कुणी उचलायची, त्यांच्या आयुष्याची हकिगत कुणी वाचायची, वाचणाऱ्याला नेमकी त्या दिवशी सर्दी झाली तर दुसरं कोण, हे सगळं एका हिरव्या फाइलीत लावून ठेवलेलं होतं. गृहस्थ स्वतः सत्तरी ओलांडूनही पोर्चच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फाइल अर्थातच कामाला आली असणार, पण त्यांची आठवण येते तेव्हा मला ती फाइल आठवत नाही. फाइलीत न बसलेली एकच गोष्ट आठवते, आणि ती सांगायची तर आधी हा माणूस सांगायला हवा.

ऐंशी साली मी उत्तर कॅरोलायनातल्या एका जुन्या गावात, मोजे विणणाऱ्या गिरणीच्या प्रयोगशाळेत रंगांचं काम बघायला लागलो. त्याच राज्यातल्या कॅरी शहराच्या बाजूला तेव्हा चार मराठी घरं जमू लागली होती. दिवाळीला आम्ही दोन तास गाडी हाणत तिकडे जायचो. आमच्या गावात मात्र मी, माझी बायको कुमुद, आणि बाकी सगळी चर्चची मंडळी. आमचे शेजारी मोरेव्हियन पंथाचे. हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. त्यांनी तो पहिल्याच आठवड्यात कुंपणापाशी उभं राहून समजावला: बाकीचे प्रॉटेस्टंट जन्मायच्या शंभर वर्षं आधी बोहेमियात त्यांच्या गुरूला खांबाला बांधून जाळलं, त्यातून हा पंथ निघाला, छळ झाला, माणसं पांगली, पुढे जर्मनीत एका जमीनदाराच्या आश्रयाने पुन्हा गोळा झाली, आणि तिथून जहाजाने अमेरिकेत आली. हे ते असं सांगत की जणू त्या जहाजावर सामान मोजून घ्यायला तेच उभे होते. त्यांच्या दफनभूमीची एक कमिटी होती आणि तिचे ते वीस वर्षं अध्यक्ष. त्यांच्या बोलण्यात 'कमिटीचं मत असं आहे' हे वाक्य इतक्या वेळा येई की कुमुदने त्यांचं नाव कमिटीकाका ठेवलं. त्यांची बायको ओघानेच काकू झाली.

काका जगातल्या प्रत्येक गोष्टीचे तीन ढीग करत. मुख्य, साधन आणि किरकोळ. ही वाटणी त्यांची स्वतःची नव्हती, पंथाचीच होती. देवाने निर्माण केलं, देवाने तारलं, देव शुद्ध करतो, आणि माणसाने त्याला विश्वासाने, प्रेमाने, आशेने उत्तर द्यायचं, मुख्य एवढंच. बायबल, बाप्तिस्मा, चर्च, पाद्री ही सगळी तिथे पोचण्याची साधनं. बायबलसुद्धा साधनच, हे ऐकून मी चकित झालो, कारण गावातले इतर चर्चवाले ते पुस्तक डोक्यावर घेऊन फिरत. आणि उरलेलं सगळं, म्हणजे कपडे, चाली, प्रार्थनेच्या वेळा, खाणंपिणं, हे किरकोळ. मुख्य गोष्टींत एकी, किरकोळ गोष्टींत मोकळीक आणि सगळ्यांत प्रेम, असं त्यांचं एक जुनं वचन होतं आणि ते भरतकाम करून स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी काका बटाटा घालून मळलेल्या पिठाचा, वर लोणी आणि ब्राउन शुगर खळ्याखळ्यांतून मुरलेला त्यांचा पारंपरिक केक घेऊन आले. कुमुदने दारातच विचारलं, "ह्यात डुकराची चरबी नाही ना?" काकांनी विचार केला, आत आले, केक टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला. "खाणं किरकोळात येतं," ते म्हणाले, "पण तुम्हाला ते किरकोळ वाटत नसेल, तर ह्या घरात मलाही वाटता कामा नये." दुसऱ्या दिवशी सकाळी नुसत्या लोण्यात केलेला नवा केक हजर. सोबत चिठ्ठी: चरबी नाही, तपासून पाहिलं आहे, कमिटी.

त्यांच्याकडे वर्षभराच्या वचनांचं एक छोटं पुस्तक असे. रोजचं वचन जर्मनीतल्या त्यांच्या मूळ गावी चिठ्ठ्या काढून ठरतं, आणि जगभरचे मोरेव्हियन त्या दिवशी तेच वाचतात. काका ते न्याहारीला मोठ्याने वाचत आणि मग मला सांगायला बाहेर येत. मी हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत असायचो, कामाला उशीर झालेला असायचा, आणि हे कुंपणावरून हात वर करून म्हणायचे, "ब्रदर, आज भिऊ नकोस असं आलंय." त्या दिवशी मी दिवसभर कशाला तरी भीत राहायचो. एकदा मी त्यांना आमच्या कोकणातल्या ग्रामदेवाचा कौल सांगितला. मूर्तीला फुलांचे कळे चिकटवायचे, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. काका हरखून गेले. त्यांच्यातही पूर्वी चिठ्ठी टाकत. कुणाला कुठे धर्मप्रसाराला पाठवायचं, कुणाचं लग्न कुणाशी लावायचं, तेसुद्धा चिठ्ठीवर. "ते बंद झालं," ते जरा खंतावून म्हणाले. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या मूळच्या बॅप्टिस्ट, डोंगराकडच्या, लग्न करून ह्या पंथात आलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंद झालं म्हणून तर मी आले. चिठ्ठीत माझं नाव सात जन्मांत निघालं नसतं."

काका चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. गावात मंडळींपैकी कुणी वारलं की हा बँड चर्चपाशी उभा राहून तीन चाली वाजवी. पहिली आणि तिसरी ठरलेली. मधली मात्र गेलेलं माणूस कोण त्यावर बदले. विवाहित पुरुषाची चाल वेगळी, विवाहित बाईची वेगळी, विधवेची, अविवाहितांची, मुलांची, प्रत्येकाची आपापली. निदान काका तरी नुसत्या चालीवरून बातमी ओळखत. एकदा त्यांना पडसं झालं होतं म्हणून ते घरीच होते आणि आम्ही त्यांच्याकडे जेवत होतो. लांबून सूर आले. काकांनी घास तसाच हातात धरला, मधली चाल पूर्ण ऐकली, "विधवा बहीण," असं म्हणाले (मंडळीतली प्रत्येक बाई त्यांच्यात बहीण), कोण कोण आजारी आहेत त्याची मनातल्या मनात उजळणी केली आणि नाव सांगून घास तोंडात घातला. नाव बरोबर निघालं. कुमुदचा त्या दिवशी जेवणावरचं मन उडालं. मला मात्र हेवा वाटला होता. माझे वडील गेले तेव्हा मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला विद्यार्थी होतो आणि मला ते अकरा दिवसांनी पत्राने कळलं होतं.

पण हा माणूस नुसता मरणाचा हिशेबनीस होता असं वाटायला नको. नाताळच्या महिन्यात त्यांच्या पोर्चवर पंचवीस-तीस टोकांची कागदी चांदणी लागे, आत दिवा. आम्ही आलो त्या वर्षी दिवाळीला कुमुदने आमच्या दारात आकाशकंदील लावला, तर काका धावत आले. "चांगलं केलंत, पण महिनाभर लवकर लावलात," म्हणाले. समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कंदिलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बांधणी कमिटीला दाखवण्यासारखी आहे असा शेरा दिला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला चर्चमध्ये नेलं. सगळे बाकांवर बसलेले, गाणं चालू, आणि गाणं न थांबवता बायका टोपल्यांतून गोडसर पाव वाटत गेल्या, मागून पुरुष दुधाच्या कॉफीचे मग. शेवटच्या बाकापर्यंत पोचल्याशिवाय कुणी घास घेतला नाही. कुमुद माझ्या कानात म्हणाली, "अहो, हा प्रसाद आहे का? डोळ्याला लावू?" मी काकांना विचारलं. ते कुजबुजले, "प्रसाद नव्हे. हा संस्कार नाही. नुसतं एकत्र जेवण. एका पंगतीत बसल्यावर माणसाला माणसाचा राग धरता येत नाही, एवढंच." पंगत हा शब्द माझा, त्यांनी दुसरा वापरला असेल, पण अर्थ तोच होता. मग मधमाशांच्या मेणाच्या, लाल कागदाची झालर लावलेल्या मेणबत्त्या आल्या, आणि एकाने दुसऱ्याची पेटवत सगळं चर्च उजळलं. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. मी धुराचं म्हणून सोडून दिलं.

त्यांच्यात प्रत्येकाने आपल्या आयुष्याची हकिगत लिहून ठेवायची रीत आहे. ती अंत्यविधीला वाचतात. बहुतेक लोक हे काम टाळतात किंवा पोरांवर सोडतात. काका दर वाढदिवसाला त्यांची हकिगत बाहेर काढून दुरुस्त करत आणि मग केक कापायच्या आधी आलेल्या पाहुण्यांना वाचून दाखवत. म्हणजे वाढदिवसाला जाऊन आपण त्यांच्या अंत्यविधीची रंगीत तालीम ऐकून यायचं. बालपण अर्धं पान, सुतारकामाचा धंदा अर्धं पान, बँड दोन पानं, कमिटी तीन पानं. शेवटी 'माझा अखेरचा आजार' असं शीर्षक आणि खाली कोरी जागा. लग्नाबद्दल एक ओळ होती: एका पावसाळी शनिवारी माझा विवाह झाला. काकू दरवर्षी त्या ओळीला हात वर करत, वर्गात हजेरी लावतात तसा. "सहा पानांत मी एक ओळ," त्या आम्हाला सांगत, "आणि तीही अर्धी पावसाने खाल्लेली." सगळे हसत. काका म्हणत की हकिगतीत देवाने आपल्याशी काय केलं ते लिहायचं असतं, संसार नव्हे. काकू म्हणत, "मग मला कुणी पाठवलं होतं?" आणि केक कापायला घेत.

आता त्या कमिटीचं. मोरेव्हियनांच्या दफनभूमीला देवाचं शेत म्हणतात. पेरलेलं उगवणार, ह्या भरवशावर ते नाव. तिथे सगळे दगड एका मापाचे, पांढरे, जमिनीवर आडवे. गिरणीचा मालक आणि गिरणीतला झाडूवाला ह्यांच्यात बोटभर फरक नाही. घराण्यांच्या जागा नाहीत. विवाहित पुरुषांचा चौक वेगळा, विवाहित बायकांचा आणि विधवांचा वेगळा, अविवाहितांचे वेगळे. आणि त्या त्या चौकात जो ज्या क्रमाने जाईल त्या क्रमाने ओळीत. जिथे प्रार्थनेला एकत्र बसलो, तिथेच एकत्र झोपायचं. नवरा-बायको, बाप-लेक ही नाती ह्या जगापुरती. मला ते फार थोर वाटलं. जातीची वेगळी स्मशानं असलेल्या गावातून मी आलो होतो. काका खिशात टेप बाळगत आणि नवा दगड आला की चारही बाजू मोजत. कुणी प्लास्टिकची फुलं ठेवली तर त्याला पत्र जाई. एकदा मंडळीतला एक गाद्या-सोफे शिवणारा म्हातारा त्यांच्याकडे आला आणि मला माझ्या बायकोशेजारी पुरा म्हणून रडला. काकांनी त्याला तीन बैठकांत नियम समजावला. शेवटी त्याने बायकोची पेटी उकरून पलीकडच्या टेकडीवर गावच्या सार्वजनिक दफनभूमीत हलवली आणि चर्च सोडलं. ही हकिगत काका आम्हाला मोठ्या उमेदीने सांगत होते. एकासाठी वाकवला असता तर अडीचशे वर्षांचा नियम गेला असता. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं नाही, पण काकू उठून आत गेल्या होत्या.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. कुमुद रोज दुपारी वरणाचं पाणी नाहीतर मऊ भात घेऊन जायची. काकूंचं इंग्रजी डोंगराकडचं, कुमुदचं सांगलीचं, पण दोघींचं छान जमायचं. एका दुपारी काकू तिला म्हणाल्या की त्यांचे आईवडील डोंगरातल्या बॅप्टिस्ट चर्चच्या मागे आहेत; एकच दगड, त्यावर दोन नावं, मध्ये एक कोरलेलं पान. लहानपणी त्या दगडावर बसून त्या शेंगदाणे खायच्या. "मला वाटलं होतं, आपलंही तसंच होईल," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ह्याच्या घोरण्यावर झोपले. आता बायकांच्या चौकात मला झोप यायची नाही." आणि हसल्या. कुमुदने रात्री जेवताना मला हे सांगितलं, आणि काकांना काही बोलू नका असंही बजावलं. मी दुसऱ्याच दिवशी कुंपणापाशी ते त्यांना सांगून टाकलं. मला वाटलं, त्यांना माहीत असेल.

त्यांना माहीत नव्हतं. ते घरात गेले. आठवडाभर सकाळचं वचन सांगायला आले नाहीत. मग एका संध्याकाळी येऊन आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि विचारलं, "तुमच्यात काय करतात?" मी सांगितलं, आम्ही दहन करतो, अस्थी नदीत सोडतो. "मग कोण कुठे?" ते म्हणाले. "कुणीच कुठे नाही," मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ टेबलावरचा डाग पुसल्यासारखं केलं. "म्हणजे हे भांडणच नाही," ते म्हणाले. मग एकदम: "ब्रदर, पुरायचं कुठे हे मुख्यात येत नाही. साधनातही नाही. मी चाळीस वर्षं लोकांना तीन ढीग समजावले, आणि ते मात्र मी मुख्यात ठेवून बसलो होतो. त्या गादीवाल्याला मी परत पाठवलं." कुमुदने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली.

काका गादीवाल्याकडे जाऊन आले. तो त्यांना घरात घेईना. पोर्चवर उभं राहून माफी मागितली, एवढंच त्यांनी सांगितलं. आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. काकू पोर्चवर खुर्चीत, अंगावर गोधडी, खूप लहान झालेल्या. काकांनी सूट घातला होता. हातात कागद. दोन साक्षीदारांशिवाय ठराव मांडता येत नाही म्हणून आम्ही. त्यांनी उभं राहून वाचायला सुरुवात केली की, ज्याअर्थी जुना नियम योग्य आहे आणि तो माझ्यासाठी वाकवणं योग्य नाही, आणि ज्याअर्थी माझ्या पत्नीची इच्छा मला चव्वेचाळीस वर्षांत कळलेली नाही, त्याअर्थी मी कमिटीचा राजीनामा दिला आहे आणि टेकडीवरच्या सार्वजनिक दफनभूमीत शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या आहेत. पुढे बहुधा आणखी काही कलमं होती. ती न वाचताच त्यांनी कागद काकूंपुढे धरला.

हा माणूस त्या देवाच्या शेतात निजण्यासाठी आयुष्यभर तयारी करत आला होता. त्याचे आजे-पणजे तिथे होते. तिथला प्रत्येक दगड त्याने मोजला होता. ते सगळं सोडून तो टेकडीवर परक्यांत जायला निघाला होता, आणि ते किती मोठं आहे हे त्या पोर्चवर आम्हा चौघांनाही कळत होतं. काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग गोधडीतून हात काढून त्यांनी तो कागद घेतला आणि घडी घातली. "नको," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "पण तुलाच हवं होतं."

"मला जागा नको होती रे. तू मला विचारावंस एवढं हवं होतं. सगळं नेहमी आधीच ठरलेलं असायचं. नियमात नाहीतर पुस्तकात. मी नुसती मागून चालायची." त्या दम घ्यायला थांबल्या. "आता विचारलंस ना? मग ऐक. मला बायकांच्या चौकात ठेव. माझ्याबरोबर पाव वाटणाऱ्या सगळ्या तिथेच आहेत. आणि तू पुरुषांत जा. टेकडीवर ईस्टरला बँड नसतो, तुला करमायचं नाही."

"मला बँड नको," काका म्हणाले. "मला तुझ्याशेजारी पाहिजे."

त्यांच्या तोंडून 'मला पाहिजे' हे मी पहिल्यांदा ऐकलं. काकूंनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्या कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "ते किरकोळ आहे."

"नाही," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे पायरीवर बसले. काकूंनी त्यांच्या टकलावर हात ठेवला. कुमुद माझी बाही ओढत होती. आम्ही निघून आलो.

काकू फेब्रुवारीत गेल्या. बँडमध्ये त्या दिवशी वाजवू नका असं काकांना सगळ्यांनी सांगितलं, पण ते उभे राहिले आणि विवाहित बहिणीची चाल त्यांनी एकही सूर न चुकवता वाजवली. चर्चमध्ये काकूंची हकिगत वाचली गेली. त्यांनी ती स्वतः लिहिली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्धं पान होतं. डोंगर, आई, शिवणकाम, चर्चमध्ये वाटलेले पाव. शेवटची दोन वाक्यं अशी: लग्नाच्या दिवशी पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. मी त्या माणसावर रोज प्रेम केलं आणि त्यालाही ते शेवटी शेवटी माहीत झालं. पहिल्या वाक्याला चर्चमधले लोक हसले. काकांनी खिशातून पेन काढलं, बहुधा सवयीने, आणि पुन्हा खिशात ठेवलं. बायकांच्या चौकात ओळीतली पुढची जागा आली ती काकूंना मिळाली. टेकडीवरच्या दोन्ही जागा काकांनी गादीवाल्याच्या घरच्यांना देऊन टाकल्या.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तिथे सगळं गाव दगड धुवायला जमतं. बादल्या, ब्रश, साबण आणि फुलं घेऊन घरंच्या घरं. काकांकडे दरवर्षी पुरुषांच्या चौकातल्या तीन ओळी असत. त्या वर्षी ते त्या उरकून बायकांकडे आले आणि काकूंचा दगड इतका वेळ घासत बसले की शेवटी कुमुदने त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. अंधारात हजारो माणसं चर्चसमोर, आवाज नाही. कुणीतरी म्हणालं, प्रभू उठला आहे, आणि सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे. मग बँडच्या मागून सगळे देवाच्या शेताकडे चालत निघाले. एका कोपऱ्यातला बँड एक ओळ वाजवी, लांबच्या कोपऱ्यातून दुसरी टोळी तिला उत्तर देई, आणि असं चालू असताना उजाडलं. प्रत्येक दगडावर फुलं होती. मी देवधर्म फारसा न करणारा माणूस. पण त्या क्षणी मेलेली माणसं उठून बसली असती तर मला नवल वाटलं नसतं.

सगळं संपल्यावर काका ट्रॉम्बोन काखेत घेऊन काकूंच्या दगडापाशी आले. डाव्या बाजूला कुणी शाळामास्तरीण होती, उजवीकडची जागा अजून मोकळी होती. ते खूप दमलेले दिसत होते. "मी तिला एकदाच विचारलं," ते मला म्हणाले. "तेही तुम्ही सांगितलंत म्हणून. ब्रदर, तुम्ही विचारता ना?"

"हो," मी म्हटलं. "विचारतो की."

कुमुद दोन पावलांवर उभी होती. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि फुलं नीट करायला वाकली. ॲन आर्बरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचं काम नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मी ही इथली नोकरी घेतली होती. घेतल्यावर तिला सांगितलं होतं. त्याआधी अमेरिकेला यायचं ठरवलं तेही मी, आणि परत कधी जायचं ते 'अजून दोन वर्षं' असं दर दोन वर्षांनी ठरवत आलो तेही मीच. काकांना आम्ही दारात सोडलं. कॅरीला कुणाकडे तरी जेवायचं बोलावणं होतं म्हणून आम्ही तसेच पुढे निघालो. गावाबाहेर आल्यावर मी विचारलं. काय विचारलं ते नीट आठवत नाही; तुला काय पाहिजे, असं काहीतरी, आणि ते विचारायला मला फार लाज वाटली.

"गाडी बाजूला घ्या," कुमुद म्हणाली.

मी घेतली. तिने आधी पदराने डोळे पुसले आणि मग ती बोलायला लागली. चर्चहून परतणाऱ्या गाड्या एकेक करत आमच्या बाजूने निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला, ऊन चढलं, जेवणाची वेळ होऊन गेली. मी मध्ये एकदाही बोललो नाही. अकरा वर्षांच्या संसारात मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.